दिव्यांग कार्ड निघालं, आता कुठल्या खिडकीवर जायचं?

माझं झेरॉक्सचं दुकान तहसील कचेरीच्या समोर आहे. तालुक्यातला कुठल्याही योजनेचा कागद आधी माझ्या काचेवर पालथा पडतो आणि मग साहेबांच्या टेबलावर जातो. इतकी वर्षं दिव्यांगांचे अर्ज बघून बघून आता माणूस पायरी चढताना दिसला की तो कुठला फॉर्म मागणार याचा अंदाज येतो. अंदाज चुकतोही, पण कमी वेळा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतले एक काका तणतणत आले. एका पायाचं 45 टक्के दिव्यांगत्व, नवंकोरं पिवळं कार्ड. एसटीत कंडक्टरनं कार्ड बघून पाव भाड्याचं तिकीट दिलं म्हणून काका खूश होते. दुसऱ्या दिवशी तेच कार्ड घेऊन रेल्वेच्या खिडकीवर गेले, तर बाबू म्हणाला, "यावर सवलत नाही." काका मला म्हणाले, "एक सरकार मानतंय, दुसरं मानत नाही. मग हे कार्ड काय देव्हाऱ्यात ठेवू?"

बाबूचं चुकलं नव्हतं. आपल्याकडे घोळ होतो तो इथेच. कार्ड म्हणजे नुसती ओळख आहे. पुढची प्रत्येक योजना आपापला प्रश्न विचारते. कोणी टक्के विचारतं, कोणी दिव्यांगत्वाचा प्रकार, कोणी घरचं उत्पन्न, तर कोणी 'सोबतीशिवाय प्रवास जमतो का' एवढंच. कोण काय विचारतं हे आधी माहीत असलं की निम्म्या चकरा वाचतात.

आपण यात बसतो का?

दिव्यांग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कुबडी आणि पांढरी काठी येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 लागू झाला 19 एप्रिल 2017 पासून, आणि त्यात 21 प्रकार आहेत. 1995 च्या कायद्यात सातच होते. नव्या यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आले. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, ॲसिड हल्ल्यात झालेली इजा हेही आलं. उंची 147 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असलेला प्रौढ माणूस बुटकेपणाच्या प्रकारात येतो. गडचिरोली, नंदुरबार, मेळघाटाकडच्या सिकलसेलच्या पेशंटांना तर आपण या यादीत आहोत हेच अनेकदा ठाऊक नसतं.

यादीत नाव असणं ही पहिली पायरी. बहुतेक लाभांसाठी किमान 40 टक्के लागतात. कायद्याच्या भाषेत याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. आमच्या कचेरीच्या आवारात नुसतं 'चाळीसच्या वर' म्हणतात.

कार्ड काढायची रीत

'युडीआयडी' कार्ड म्हणजे 18 अक्षर-अंकांचं ओळखपत्र. अर्ज केंद्र सरकारच्या 'स्वावलंबन' पोर्टलवर होतो. मोबाइलवरून भरता येतो, नाहीतर सेतू किंवा ई-सेवा केंद्रात. आधार, सहा महिन्यांच्या आतला फोटो, पत्त्याचा पुरावा आणि सही किंवा अंगठा लागतो. अर्ज करताना हॉस्पिटल निवडायचं आणि मिळालेल्या तारखेला तिथे तपासणीला जायचं. प्रमाणपत्र आणि कार्ड दोन्हीही फुकट आहेत. 'टक्के वाढवून देतो' म्हणणारा माणूस सिव्हिलच्या गेटवर भेटलाच, तर सरळ पुढे चालू लागा. खोटेपणानं लाभ घेतला तर कायद्याच्या कलम 91 खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुरुंगात तुम्ही जाल, एजंट नव्हे.

आजोबांच्या काळातलं हातानं लिहिलेलं, शिक्का पुसट झालेलं प्रमाणपत्र ट्रंकेत असेल तर ते जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. 1 जून 2021 पासून प्रमाणपत्र याच पोर्टलवरून निघतं. पोर्टलवर अर्ज करताना जुनं प्रमाणपत्र असल्याचं सांगायची सोय आहे.

कार्डाचा रंग बघा. 40 च्या खाली पांढरा, 40 ते 79 पिवळा, 80 आणि त्यावर निळा. पांढरं कार्ड हातात आलं की लोक हिरमुसतात, आणि खरं सांगायचं तर पांढऱ्या कार्डावर फारसं काही मिळत नाही.

तपासणीच्या दिवशी एक चूक जवळजवळ सगळे करतात. चांगले कपडे घालून, रिकाम्या हातानं जातात. जुने केसपेपर, ऑपरेशनचा डिस्चार्ज कागद, एक्स-रे, ऐकू येण्याच्या चाचण्या, मानसोपचाराच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेप्रमाणे लावून न्या. डॉक्टरपुढे तुम्ही पाच मिनिटं असता, तुमचा आजार मात्र पंधरा वर्षांचा असतो. ते मधलं अंतर कागदच भरून काढतात. आणि निघायच्या आधी हॉस्पिटलात फोन करा. तुमच्या प्रकाराचा डॉक्टर कुठल्या वारी असतो हे विचारा. कानाच्या तपासणीला हाडाच्या डॉक्टरच्या वारी गेलात तर गाडीभाडं गेलं.

टक्के कसे पडतात

यावरून माझ्या दुकानात रोज वाद होतात, म्हणून जरा सविस्तर.

टक्के त्रासावर पडत नाहीत, मोजमापावर पडतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असला तर केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 30 टक्के धरतात. म्हणजे एक डोळा गेलेला माणूस निव्वळ त्या कारणानं चाळीसला पोचतच नाही. हे ऐकून लोकांना राग येतो, मलाही पहिल्यांदा आला होता. बहिरेपणातही दोन्ही कानांची मोजणी होते. ठार बहिरं धरायला दोन्ही कानांत 70 डेसिबलचा ऱ्हास लागतो. एका कानानं ऐकू येत नाही म्हणून कोणी बहिरं धरत नाही.

दोन दिव्यांगत्वं असली तर? इथे साधी बेरीज होत नाही. मोठा आकडा घ्यायचा. मग नव्वदातून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणायचं, नव्वदनं भागायचं आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. आमच्याकडे एक ताई आल्या होत्या. डोळ्याचे 30, पायाचे 15. त्यांच्या भावानं बोटांवर 45 केले होते. गणित असं होतं: 90 मधून 30 गेले, राहिले 60. साठ गुणिले पंधरा म्हणजे 900, भागिले 90 म्हणजे 10. तीस अधिक दहा, बरोबर चाळीस. ताई काठावर पास! पण पायाचं कोणी तपासूनच घेतलं नसतं तर त्या तिसावरच अडकल्या असत्या. म्हणून बोर्डापुढे एकापेक्षा जास्त त्रास असतील तर सगळे सांगा, सगळ्यांची तपासणी मागा.

प्रमाणपत्र तात्पुरतं की कायमचं, हेही हातात पडताच वाचा. तात्पुरत्यावर मुदतीची तारीख असते. लहान मुलांचं आणि सुधारण्यासारख्या आजारांचं बहुधा तात्पुरतंच निघतं. ती तारीख उलटली की त्यावर चालणारे पैसेही थांबतात, आणि मग लोक 'अनुदान का बंद झालं' म्हणून बँकेत भांडतात.

महिन्याचे पैसे

महाराष्ट्रात दिव्यांगाला दरमहा रोख मिळते ती मुख्यतः संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून. बोलीभाषेत 'निराधार'. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम 1,500 वरून 2,500 रुपये झाली ती ऑक्टोबर 2025 पासून. अटी अशा: दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त, वय 65 च्या आत, महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 50,000 रुपयांपर्यंत. विधवा, निराधार अशा इतर लाभार्थ्यांना हीच मर्यादा 21,000 आहे, म्हणून काही ठिकाणी टेबलावरचा माणूस सवयीनं 21,000 सांगतो. तुम्ही दिव्यांगांची मर्यादा वेगळी असल्याचं नम्रपणे सांगा.

आता 50,000 म्हणजे महिन्याला चार हजार एकशे सहासष्ट. घरात एखादा पोरगा वॉचमन म्हणून लागला तरी ही मर्यादा ओलांडते. म्हणजे ज्या घरात दिव्यांग माणूस आहे त्या घरात दुसऱ्या कोणी कमावूच नये, असा याचा अर्थ होतो. ही अट बदलायला हवी असं माझं मत. पण मत दुकानात चालतं, अर्जावर नाही. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचाच लागतो. त्यावरचा आकडा आणि तारीख बघूनच झेरॉक्स काढा.

80 टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजना लागू होते. वय 18 ते 79. यात केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपये आहे आणि वरची रक्कम राज्य घालतं. दोन योजना म्हणजे दुप्पट पैसे, असं समजू नका. हातात येणारी रक्कम एकत्रितच ठरलेली असते.

अर्ज तहसीलमधल्या संजय गांधी शाखेत. सोबत वयाचा पुरावा, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र, आधार, पासबुक. मूल अज्ञान असेल तर आईवडील अर्ज करतात. जमा केल्यावर पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही. "साहेब ओळखीचे आहेत, पोच कशाला" असं म्हणून गेलेले लोक सहा महिन्यांनी परत येतात, तेव्हा साहेबांची बदली झालेली असते.

मंजुरी झाली तरी पैसे दिसत नाहीत, अशी तक्रार फार. दहापैकी निम्म्या वेळा पैसे आलेलेच असतात, पण भलत्याच खात्यात. थेट लाभाची रक्कम आधारशी शेवटचं जोडलेल्या बँक खात्यात जाते. कोणीतरी गावात शिबिरात मोफत खातं उघडून दिलेलं असतं, आधार तिकडे जोडलं जातं, आणि माणूस जुन्या बँकेत पासबुक भरत बसतो. बँकेत जाऊन 'माझं आधार कुठल्या खात्याला जोडलंय' एवढंच विचारा.

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तुम्ही समोर उभे असलात तरी जिवंत असल्याचा कागद लागतो. हसू नका, हसून हसून थकलोय.

आणखी एक. लाडकी बहीण योजनेत, दुसऱ्या सरकारी योजनेतून दरमहा 1,500 किंवा जास्त घेणारी बाई अपात्र ठरते. दोन्ही सुरू असतील तर वसुलीची वेळ यायच्या आत स्वतःहून एक सोडलेलं बरं.

गोव्यातल्या वाचकांसाठी: तिथे हेच काम दयानंद सामाजिक सुरक्षा योजना करते आणि तिथेही 15 वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. महाराष्ट्राचा अर्ज तिकडे चालत नाही. सावंतवाडी-दोडामार्गकडून पेडण्याला लग्न होऊन गेलेल्या मुलींची यात फार ओढाताण होते.

एसटी आणि रेल्वे

एसटीचं सोपं आहे. 40 टक्क्यांच्या वर असाल तर साध्या गाडीत भाड्यात 75 टक्के सूट. 65 टक्क्यांच्या वर असाल तर सोबत्यालाही 50 टक्के.

रेल्वे टक्के बघत नाही, प्रकार बघते. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे अस्थिव्यंग, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणारे मतिमंद आणि पूर्ण अंध, यांना सेकंड, स्लीपर आणि थ्री एसीत 75 टक्के सूट, टू एसी आणि फर्स्ट एसीत 50 टक्के. सोबत्यालाही तीच. मूकबधिरांना, म्हणजे दोन्ही एकत्र असलेल्यांना, सेकंड आणि स्लीपरमध्ये 50 टक्के. त्यासाठी रेल्वेचा स्वतःचा नमुना आहे. तो सरकारी डॉक्टरकडून भरून घ्यायचा आणि त्यावर रेल्वेकडून वेगळं सवलत ओळखपत्र काढायचं. आमचे काका काठी न घेता बाजारात जाऊन येतात. 45 टक्के खरे, पण रेल्वेच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर 'एकटा जातो' असं आहे.

शाळा, कॉलेज, नोकरी

6 ते 18 वयापर्यंत लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. नववी-दहावी आणि पुढच्या शिक्षणासाठी केंद्राची शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरता येते, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख. परीक्षेत लेखनिक आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, पण तो आदल्या आठवड्यात मागून मिळत नाही. शाळा सुरू झाली की जूनमध्येच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या.

सरकारी उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के जागा आणि प्रवेशाच्या वयात 5 वर्षं सूट आहे. सरकारी नोकरीत 4 टक्के. आता या चारात एक बारीक अक्षरातली गोष्ट आहे. अंध-अल्पदृष्टी, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग या तीन गटांना एकेक टक्का. अस्थिव्यंगांच्या गटातच सेरेब्रल पाल्सी, बुटकेपणा, ॲसिड हल्ला, स्नायूंचा ऱ्हास हे येतात. उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांच्यात मिळून. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन यांचं नाव नोकरीच्या गटात नाही. त्यामुळे सिकलसेलचा मुलगा कॉलेजच्या पाच टक्क्यांत बसतो आणि नोकरीच्या चार टक्क्यांत बसत नाही. परीक्षा फी भरण्याआधी हे पोराला सांगा, निकालानंतर नको.

ग्रामपंचायतीत पडून असलेले पैसे

फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांनी स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभं राहून सरळ विचारायचं: यंदाचा पाच टक्के निधी किती, खर्च किती झाला, कोणाकोणावर? ग्रामसेवकानं "बघतो" म्हटलं तर लेखी अर्ज द्या. एका गावातल्या सहा जणांनी एकत्र अर्ज दिला तेव्हा उत्तर आठवड्यात आलं. एकट्यानं दिलेला अर्ज टेबलाच्या खणात जातो असा माझा अनुभव.

साहित्य, विमा, पालकत्व

तीनचाकी, कुबड्या, कानाचं यंत्र, कृत्रिम पाय यांसाठी केंद्राची 'एडिप' योजना आहे. साहित्य बरंचसं कानपूरच्या अलिम्को या सरकारी कारखान्यातून येतं. तालुक्याला मोजमापाचं शिबिर लागतं तेव्हा नाव नोंदवायचं, साहित्य नंतर येतं. मोजमापाच्या दिवशी माणसाला स्वतः नेलंच पाहिजे. भावाच्या मापाचा बूट घेऊन जाणारे महाभागही मी पाहिलेत.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुदिव्यांगत्व या चारांसाठी 1999 च्या कायद्यानं राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. त्याची निरामय योजना एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा देते. याच चारांच्या बाबतीत आईवडिलांनी एक काम विसरू नये: मूल 18 वर्षांचं झालं की कायद्यानं ते सज्ञान होतं आणि आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. बँक सही मागते, मुलाला सही येत नाही, आणि सगळं अडतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा. अठरावा वाढदिवस जवळ आला की लगेच.

घरातला कोणी सरकारी नोकरीत असेल तर दिव्यांग अपत्याचं नाव आणि प्रमाणपत्र आत्ताच सेवापुस्तकात नोंदवून घ्या. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. दोघेही गेल्यावर हे सिद्ध करत बसणं म्हणजे भावंडांची परीक्षा असते.

पगारदारांसाठी दोन ओळी

आयकरात जुनी करप्रणाली घेतली तर 80यू आणि 80डीडी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या वजावटी आहेत: पहिली स्वतःच्या, दुसरी अवलंबून असलेल्याच्या दिव्यांगत्वासाठी. 40 टक्क्यांना 75,000 आणि 80 टक्क्यांना सव्वा लाख. नव्या प्रणालीत या मिळत नाहीत. महाराष्ट्रातला व्यवसाय कर, जो वर्षाला 2,500 पर्यंत कापला जातो, तोही कायमचं शारीरिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणि मतिमंद मुलाच्या आईवडिलांना माफ आहे. कंपनीच्या हिशेबनीसाला प्रमाणपत्राची प्रत द्या. तो स्वतःहून विचारणार नाही.

नाही म्हणाले तर

तोंडी नकार हा नकार नसतो. "होणार नाही" हे कारणासह लिहून मागा. टक्के कमी पडले असं वाटत असेल तर प्रमाणपत्रावर अपील करायची तरतूद कायद्याच्या कलम 59 मध्ये आहे. लाभ अडवला जात असेल तर पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते. तक्रारीत रडगाणं नको. अर्जाची तारीख, पोच क्रमांक, कोणत्या टेबलावर काय उत्तर मिळालं, बस्स. एका पानाच्या वर गेलं तर कोणी वाचत नाही.

आमच्या काकांनी शेवटी रेल्वेचा नाद सोडला आणि निराधारचा अर्ज भरला. उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा होता 48,000. प्रकरण समितीपुढे आहे. पोचेच्या दोन झेरॉक्स त्यांनी माझ्याकडून काढून घेतल्या, एक पाकिटात आणि एक देव्हाऱ्यात, कार्डाच्या शेजारी.